एकतिसावा अंगठा

दप्तरदार : ते काही नाही, आधी जोडे बाहेर काढा, बाईसाहेब. फरशी सकाळीच पुसून घेतलीय. बारा वाजता महाराज शिक्का मारायला इथं येणार, आणि तुम्ही अशा नांगरटीतून उठून आल्यासारख्या!

धाकटी : नांगरटीतूनच आलेय, काका. गाडी चिखलात रुतली होती. तासभर हलेचना, शेवटी मीच उतरून मागून ढकलली.

दप्तरदार : राजाच्या सख्ख्या बहिणीनं गाडी ढकलली? कुणी पाहिलं तर नाही ना?

धाकटी : घोड्यांनी पाहिलं.

दप्तरदार : ते बोलायचे नाहीत. बसा. अहो, त्या खुर्चीवर नको! तिथं तुमची सनद वाळत घातलीय. शाई अजून ओली, हवा दमट आहे. त्या पेटीवर बसा.

धाकटी : वाचून दाखवा ना. माझी आहे तर मला ऐकू दे.

दप्तरदार : चष्मा कुठं ठेवला मी... हां. ऐका. ‘राजघराण्यातील धाकटे अपत्य, गादीवर ज्याचा हक्क नाही, त्याच्या निर्वाहासाठी व मानासाठी खालचं खोरं ही जमीन आणि खोऱ्याच्या स्वामिनी हा किताब हयातभर व पुढे वंशपरंपरेने देण्यात येत आहे. वंश खुंटल्यास जमीन गादीकडे परत यावी. जमीन स्वीकारणाऱ्याने राजवाड्यातील आपल्या खोलीची किल्ली शिक्क्याच्या वेळी परत करावी.’ पुढं चतुःसीमा आहेत, त्या लांबलचक आहेत. आणि शेवटी, ‘सदर अपत्याने सदर जमिनीवर एक रात्र निद्रा केली असे.’

धाकटी : हे कधी लिहिलंत?

दप्तरदार : मंगळवारी.

धाकटी : मी बुधवारी निघाले, काका.

दप्तरदार : निघालात? कुठं निघालात?

धाकटी : झोपायला.

दप्तरदार : म्हणजे... खोऱ्यात? तुम्ही स्वतः? देवा रे! अहो, त्याची काही गरज नसते. आपली टोपली असते ना. ती बघा, खिडकीत ठेवलीय. परवा तुमच्या पलंगाखाली सरकवायला पाठवली होती, तर दासी म्हणाली बाईसाहेब खोलीत नाहीत, म्हणून तशीच परत आली.

धाकटी : ही? मला वाटलं तुम्ही कोथिंबीर लावताय.

दप्तरदार : थट्टा करू नका. रीत आहे ती. सनदेत म्हटलंय जमिनीवर झोपा. जमीन दोन दिवसांच्या वाटेवर. मग झोपणाऱ्याला जमिनीकडं न्यायचं की जमिनीला झोपणाऱ्याकडं आणायचं? टोपलीभर माती पलंगाखाली ठेवायची, वर गादीवर झोपायचं. सकाळी त्याच मातीत बोट बुडवून सनदेवर अंगठा उठवायचा, शेजारी शिक्का. काकासाहेब असेच झोपले, आत्याबाई अशाच झोपल्या. आत्याबाई तर म्हणाल्या, टोपलीचा वास येतो, दाराबाहेर ठेवा. ठेवली. चालतं ते.

धाकटी : मग ही माझ्या खोऱ्यातली माती आहे?

दप्तरदार : नोंदीप्रमाणे.

धाकटी : ही तांबडी आहे. माझे जोडे बघा, गाडी खोऱ्यातच रुतली होती.

दप्तरदार : जोडे काळे आहेत.

धाकटी : जोडे पांढरे होते, काका.

दप्तरदार : टोपली झाकून ठेवतो मी.

धाकटी : बरं, काकासाहेबांची सनद काढा. त्यांची जमीन समुद्राकाठची ना? आम्हाला लहानपणी सांगायचे, माझ्याकडं मैलभर पांढरी वाळू आहे म्हणून.

दप्तरदार : आता कशाला ती खालून काढायची...

धाकटी : मी काढते. ही ना? अंगठा कसला आहे? तांबडा. आत्याबाईंची जमीन टेकड्यांवरची. अंगठा? तांबडा. ही कुणाची, पणजोबांच्या भावाची... ही पण तांबडी. एवढ्या तीस सनदा आहेत, तीस दिशांच्या तीस जमिनी, आणि सगळ्यांची माती आपल्या बागेतल्या गुलाबांच्या वाफ्यातली!

दप्तरदार : हळू बोला. माळी ऐकेल.

धाकटी : माळ्याला माहीत नसणार असं वाटतं तुम्हाला?

दप्तरदार : त्याला काय माहीत नाही? तोच भरून देतो. ऐका बाईसाहेब, मी बावीस वर्षांचा होतो. पहिलीच सनद. मी माणूस पाठवला होता, खरं सांगतो, माती आणायला. तो नदीला पूर म्हणून दुसऱ्या वेशीवरून परत आला. उद्यावर शिक्का! मी रडकुंडीला आलो. वडील अंथरुणाला खिळलेले. त्यांच्याकडं गेलो तर ते हसले. म्हणाले, अरे वेड्या, बागेत जा. मला माझ्या वडिलांनी तेच सांगितलं होतं. त्या दिवशी मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! पुढं कधी विचारच केला नाही. चाळीस वर्षं मी लोकांना जमिनी लिहून देतोय, आणि मी दुसऱ्या वेशीच्या पलीकडं गेलेलो नाही.

धाकटी : मी तुम्हाला धारेवर धरायला नाही आले, काका.

दप्तरदार : मग गेलात तरी कशाला? साप, विंचू, काही झालं असतं म्हणजे? नोंदीत स्वच्छ लिहिलंय, ‘ओसाड, निर्मनुष्य.’

धाकटी : मला बघायचं होतं. या घरात माझं म्हणून काय आहे? आक्काचे उतरलेले झगे, दादाची जुनी पुस्तकं, आईची उरलेली खोली. चोवीस वर्षं झाली, सगळे मला धाकटी म्हणतात, स्वयंपाकघरातली माणसंसुद्धा. जन्मात पहिल्यांदा काहीतरी माझं होणार होतं. ते टोपलीत कसं बघायचं?

दप्तरदार : आणि? कसं आहे?

धाकटी : चाळीस घरं आहेत.

दप्तरदार : कुठं?

धाकटी : तुमच्या ओसाड, निर्मनुष्य खोऱ्यात. चाळीस घरं, एक शाळा, एक लोहार, दोन सुतार आणि एक सुईण. मी तिच्याकडंच झोपले. तिनं आधी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, कितवा महिना?

दप्तरदार : काय?

धाकटी : तिच्याकडं अनोळखी बाई एकटी येते ती त्याचसाठी. मी म्हटलं, मी जमिनीची होणारी मालकीण. तर ती म्हणाली, बरं बरं, आधी जेवून घे, मग आठवेल काय ते.

दप्तरदार : तोंडावर असं म्हणाली?

धाकटी : मग मी सोबत नेलेलं सनदेचं टिपण दाखवलं. त्याबरोबर तिनं शाळेची घंटाच बडवली. सगळा गाव गोळा! शाळेत एक खुर्ची आहे, धन्याची खुर्ची म्हणतात. त्यांच्या पणज्यांनी करून ठेवलेली. रोज पुसतात, कुणी बसत नाही, कारण धनी कधी आलाच नाही. मला बसवलं.

दप्तरदार : व्वा!

धाकटी : पाय मोडला.

दप्तरदार : तुमचा?

धाकटी : खुर्चीचा! आतून पोखरली होती, नुसत्या पुसण्यावर उभी होती. मी अशी उताणी पडले. आधी एक सुतार हसला आणि मग सगळेच हसत सुटले. मीही. काका, मी इतकी कधी हसले नव्हते, बाबा गेल्यापासून तर नाहीच.

दप्तरदार : आठ महिने झाले.

धाकटी : हो. पण मग सुईणीनं एकेकाचं गाऱ्हाणं सांगायला घेतलं. तिला तिचं घर लेकीच्या नावावर करायचंय. ती थकलीय, आणि जावयाचे भाऊ टपून बसलेत. कागदावर जमिनीच्या धन्याची सही लागते. धनी कोण? आजोबांचे धाकटे भाऊ. ते इथं पलंगावर झोपले, पलंगावरच वारले, मूलबाळ नाही, जमीन गादीकडं परत. तिकडं कुणी कळवलंही नाही. चाळीस घरांपैकी एकाचाही कागद नाही, काका. बाप मेला की भावाभावांत मारामारी. तीन पिढ्या वाट बघतायत एका सहीची.

दप्तरदार : आणि सही करणारे इथं...

धाकटी : इथं, टोपलीवर.

दप्तरदार : पावलं वाजतायत. महाराज आले. लवकर आले! ती सनद नीट ठेवा. आणि ते जोडे, बाईसाहेब, जोडे!

थोरला : राहू दे, दप्तरदार, उठू नका. धाकटे, तू होतीस कुठं? तीन दिवस मी तुझ्या दारावरून परत जातोय.

धाकटी : सांगते, दादा. आधी बस.

थोरला : बसायला वेळ नाही. मी बारापर्यंत थांबलो नाही, कारण शिक्क्याआधी तुझ्याशी बोलायचं होतं. हा दुसरा कागद बघ. मी तुला किताब देतो, खोऱ्याची स्वामिनी, पुरा मान, दरबारात खुर्ची. फक्त जमीन गादीकडं राहू दे. त्याच्या बदल्यात तुला किल्ली द्यायला नको. तुझी खोली तुझीच, शिवाय आईचा दक्षिणेकडचा सज्जा.

धाकटी : आणि जमिनीचं काय करणार?

थोरला : पाणी साठवणार. शहराच्या विहिरींत गाळ साचलाय, बायका पहाटेपासून रांगा लावतात. खोरं बशीसारखं आहे, तोंडाशी बांध घातला की भरेल. माणसं सोमवारी निघतायत. ओसाडच तर आहे.

धाकटी : कोण म्हणतं?

थोरला : नोंद म्हणते. दप्तरदार, काढा ती वही.

धाकटी : दादा, तिथं...

दप्तरदार : थांबा, बाईसाहेब. मला बोलू द्या. महाराज, वहीत ‘निर्मनुष्य’ लिहिलंय. अक्षर माझं आहे.

थोरला : मग झालं तर.

दप्तरदार : नाही झालं. मी ते वडिलांच्या वहीतून उतरवलं. वडिलांनी आजोबांच्या. आजोबांनी कुठून आणलं मला माहीत नाही. आमच्यापैकी तिथं कुणी गेलेलं नाही. झोपल्याची नोंद खोटी, माती बागेतली, तीसही अंगठे खोटे. तिथं चाळीस घरं आहेत. बाईसाहेब डोळ्यांनी पाहून आल्या. मला काय शिक्षा द्यायची ती द्या, पण सोमवारी माणसं पाठवू नका.

थोरला : ...पाणी द्या जरा. नाही, मला नको, तुम्हीच प्या.

धाकटी : बसा, काका. माझ्या पेटीवर बसा.

थोरला : चाळीस घरं. मी चाळीस घरांवर पाणी सोडणार होतो, आणि वर त्याला माझं पहिलं मोठं काम म्हणून मिरवणार होतो.

धाकटी : तुला माहीत नव्हतं.

थोरला : बाबा विचारायचे. कुठलाही कागद आला की पहिला प्रश्न, कुणी पाहिलं? मी नाही विचारलं. शहरात बायका भांडी घेऊन उभ्या आहेत, धाकटे, त्यांना मी आता काय सांगू?

धाकटी : खोऱ्यात तसंही पाणी ठरणार नाही. तळाला चुनखडी आहे. गावकऱ्यांनी दोनदा तळं खोदलं, दोन्ही वेळा महिन्यात कोरडं पडलं. पण वर चढून गेलं की एक खिंड आहे, सगळा अखंड दगड. तिथं पावसाचं पाणी पुढच्या पावसापर्यंत राहतं, गुरं तिथं नेतात. मी पाहून आले. सुईणीनं स्वतःचे गुडघे धरत धरत मला वर नेलं, वाटेत मलाच म्हणाली, दमलीस वाटतं.

थोरला : पुरेल एवढं?

धाकटी : ते मला कळत नाही. तुझ्या बांधकामवाल्याला पाठव. फक्त या खेपेला त्याला म्हणावं, स्वतः जा.

थोरला : पाठवतो. खिंडीत नाही जमलं तर दुसरीकडं शोधू, पण घरांवर नाही. तेव्हा आता तुला तिथं जाऊन राहायची गरज नाही. मी शब्द देतो ना. त्यांच्या कागदांवर सह्या मी करीन.

धाकटी : तू करशील. तुझ्या टेबलावर किती कागद आहेत, दादा?

थोरला : खूप.

धाकटी : त्यांचा कितवा येईल?

थोरला : शेवटचा.

धाकटी : ही घे किल्ली.

थोरला : खाली ठेव ती. खरं कारण सांगू का? विहिरी खऱ्या आहेत, बांध खरा आहे, पण दक्षिणेचा सज्जा मी त्यासाठी देत नव्हतो. आक्का सासरी, बाबा गेले, आई तिच्या खोलीतून बाहेर येत नाही. दिवसभर माझ्यापुढं माना डोलावणारी माणसं. तू गेलीस तर या घरात माझ्याशी भांडायला कोण उरतं?

धाकटी : दादा...

थोरला : बोलू दे. तुला वाटतं सगळं मला मिळालं. मिळालं खरं. पण तू ज्या आनंदानं ‘माझं खोरं’ म्हणतेस, तसं मला एका खोलीबद्दलही म्हणता येत नाही.

धाकटी : मला नव्हतं माहीत. मला वाटायचं तुला मी नकोशी आहे, म्हणून घाईघाईनं सनद काढलीस.

थोरला : सनद बाबांनी काढायला सांगितली होती. म्हणाले, धाकटीला तिचं काहीतरी दे, नाहीतर ती आपल्या सगळ्यांना भंडावून सोडेल.

धाकटी : बाबा असं म्हणाले?

थोरला : हसून म्हणाले.

धाकटी : ...मी जाते, दादा. मला जायचंय. तुझ्यावर रागावून नाही. तिथं कुणी मला धाकटी म्हणत नाही. सुईण ‘अगं पोरी’ म्हणते, पण सही माझीच मागते. आणि भांडायला मी दर महिन्याला येईन. कलमात खोलीची किल्ली परत करायची म्हटलंय, घरी यायचं नाही असं कुठं म्हटलंय? काय हो काका?

दप्तरदार : नाही म्हटलेलं. मी दोनदा उतरवलंय ते कलम.

थोरला : तू येशील तेव्हा झोपशील कुठं?

धाकटी : आईच्या सज्जात. पाहुणी म्हणून.

थोरला : द्या ती सनद, दप्तरदार. दुसरा कागद फाडा.

दप्तरदार : महाराज, एक आहे. शिक्क्याआधी मातीचा अंगठा. आता बागेतली चालणार नाही. आणि काळा अंगठा एकदा का दप्तरात पडला, की बाकीचे तीस तांबडे आपोआप बोलायला लागतील. काकासाहेब, आत्याबाई, त्यांची मुलं... सगळं उघडं पडेल.

थोरला : पडू दे. काढून नाही घेणार मी त्यांचं. काकासाहेबांना सांगू, एकदा जाऊन झोपून या तुमच्या वाळूवर. वर्षाची मुदत. त्यांच्या जमिनींवरही किती घरं आहेत कोण जाणे.

धाकटी : काकासाहेब आणि वाळूवर! काकू आधी गादी पाठवतील, मग काकांना.

थोरला : माती काढ तुझी.

धाकटी : माती?

थोरला : आणली असशील ना?

धाकटी : अय्या! दादा, मी आणलीच नाही. निघताना सगळे पोचवायला आले होते, त्या गडबडीत... मला आठवणच नाही राहिली.

थोरला : झालं! म्हणजे आता परत दोन दिवस जायचं, दोन दिवस यायचं?

दप्तरदार : बाईसाहेब, जरा उजवा पाय पुढं करा.

धाकटी : काका, अहो, हे काय? तुम्ही खाली कशाला बसताय? मी काढते ना जोडा.

दप्तरदार : राहू द्या. टाचेला जाड बसलीय. ही बघा, अख्खी खपली निघाली. पेल्यातलं पाणी इकडं द्या, महाराज, थोडंसंच.

थोरला : मी कालवतो. लहानपणी हे काम माझं होतं, आठवतं? तू चिखलाचे लाडू वळायचीस.

धाकटी : आणि तू खायचास.

थोरला : एकदाच.

दप्तरदार : इथं, बाईसाहेब. या चौकटीत. दाबा नीट. उचला आता.

(तिघेही कागदावर वाकून बघतात. शिक्का उठतो.)

थोरला : केवढा काळा आहे.

दप्तरदार : आता शेवटची ओळ. ‘निद्रा केली असे.’ झोप लागली होती ना खरंच?

धाकटी : ढाराढूर. सुईण म्हणाली मी घोरते.

दप्तरदार : ते लिहीत नाही. पण पुढं साक्षीदाराचा रकाना आहे. तिथं नेहमी माझंच नाव असतं. आज मला लिहिता येत नाही. मी पाहिलेलं नाही.

धाकटी : सुईणीचं लिहा.

दप्तरदार : नाव लिहीन. पण सही? सही लागते.

धाकटी : तिला गाव सोडता येत नाही. गावातल्या दोघींचे दिवस भरलेत.

थोरला : मग कागद घेऊन कुणीतरी तिकडं जायला हवं. तशी त्या चाळीस घरांची यादीही करायचीय. तेही स्वतः बघून.

दप्तरदार : बरोबर आहे. कुणाला पाठवू?

(दोघेही त्याच्याकडे बघतात.)

दप्तरदार : मला? महाराज, माझं वय बासष्ट. दुसऱ्या वेशीपलीकडं मी... दोन दिवस? पूल आहे ना नदीवर?

धाकटी : आहे, काका. मी असेन की बरोबर. उद्या सकाळी निघते मी.

थोरला : गाडी किती वाजता सांगू, दप्तरदार?

दप्तरदार : सातला सांगा. नाही, सहाला. बाईसाहेब, जोडे जुनेच घालू ना?